चौथ्या दिवशी झोपाळलेलं बाळ : नागपूरच्या मे महिन्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातली आई २३ वर्षांची, पहिलटकरीण. ३७ आठवडे भरलेले, प्रसूती साधी, टाके पडले होते. मुलगी जन्मताच रडली, वजन २९०० ग्रॅम. व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी, सगळं वेळेत झाल्याची कार्डावर नोंद. खासगी प्रसूतिगृहातून साधारण ३० तासांनी सुटी मिळाली. दुधाबद्दल कार्डावर दोनच शब्द होते : ‘अंगावर पिते’. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील मी इथे दिलेला नाही.

मी महापालिका हद्दीतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. प्रसूतीनंतरच्या घरभेटी हा माझ्या कामाचा मोठा भाग. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण यातलं काहीच जगावेगळं नाही. बाळाला कुठला जन्मजात आजार नव्हता, आईला दूध होतं, घरात जीव लावणारी माणसं होती. तरीही चौथ्या दिवशी बाळ धोक्यात होतं आणि घरातल्या एकालाही ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवसाची भेट कुठे हरवली

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं, हे वेळापत्रक देशभर २०११ पासून लागू आहे. त्याचं मूळ आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, आणि ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिसरा दिवस त्या यादीत उगाच नाही. दूध उतरायचं ते याच सुमारास, कावीळ वर चढते ती याच सुमारास, आणि दवाखान्यातून सुटी होऊन बाळ सगळ्यांच्या नजरेआड जातं तेही याच सुमारास.

पण पहिलं बाळंतपण माहेरी. या बाईची गर्भारपणातली नोंद सासरच्या वस्तीत, तिथल्या आशाताईंकडे. प्रसूतिगृहातून ती थेट पाचपावलीकडे आईच्या घरी आली. सासरच्या आशाताई घरी जाऊन ‘माहेरी गेली’ असं लिहून परतल्या, आणि माहेरच्या आशाताईंना या घरी बाळंतीण आल्याची खबरच नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईने सहज सांगितलं तेव्हा त्या पोचल्या, आणि बाळाचं अंग हाताला गरम लागल्यावर त्यांनी मला फोन केला. तापमापी आणि वजनकाटा त्यांच्या पिशवीत होता. तरी ‘तुम्ही याच, सिस्टर, मला काही बरं वाटत नाही’ एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या या अस्वस्थपणाचं मोल मला फार वाटतं. पोचल्यापासून पाच मिनिटांत त्यांनी बाळाकडे पाहून मदत मागितली होती.

खोली

मे महिन्याचा मध्य. दुपारचे साडेबारा. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली, डोक्यावर उघडा स्लॅब. खिडक्या बंद, त्यांवर चादरी. कोपऱ्यात शेकाची शेगडी, सकाळचा निखारा राखेखाली अजून धुमसत होता. कूलर होता, पण बंद.

‘कूलर काहून बंद केला जी?’ मी विचारलं.

‘लेकराले हवा लागते ना,’ आजी म्हणाल्या.

बाळाच्या अंगात झबलं, डोक्याला कानटोपी, पायात मोजे, वरून दुपटं आणि त्यावर गोधडीची घडी. बाळंतिणीच्या कानालाही रुमाल बांधलेला. तिला दिवसभरात तीन-चार पेले पाणी मिळत होतं, तेही कोमट, कारण ‘जास्त पाण्याने पोट सुटतं’.

आजी कौतुकाने सांगत होत्या : ‘मोठी गुणाची आहे जी पोरगी. रडतच नाही. रात्रभर झोपून राहिली.’

दूध पिते का, असं आशाताईंनी विचारलं. उत्तर लगेच आलं : ‘पिते ना जी!’

या प्रश्नाला दुसरं उत्तर मला आजवर क्वचितच मिळालंय. आजी खोटं बोलत नव्हत्या. बाळ छातीशी धरलेलं त्यांनी पाहिलं होतं, म्हणजे ते प्यालं. म्हणून हा प्रश्न विचारून उठायचं नसतं. एक पूर्ण पाजणं डोळ्यांनी पाहायचं, लंगोट उघडून पाहायचा आणि वजन करायचं.

काय दिसलं

आधी दुपटं, टोपी, मोजे काढले. मानेचा मागचा भाग आणि छाती चटका बसावा इतकी गरम. काखेत ताप १०१.२ फॅरेनहाइट. श्वास पूर्ण मिनिटभर मोजला : ५४. बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या. नाळ कोरडी, भोवती लाली नाही. कावीळ पोटापर्यंत, तळहात-तळपाय स्वच्छ. तोंड आतून कोरडं. तळपायावर टिचकी मारली तर डोळे किलकिले केले, बारीक आवाज काढला आणि पुन्हा झोपली. टाळू सपाट होती, खोल गेलेली नव्हती. पोटाची कातडी चिमटीत धरली की मळलेल्या कणकेसारखी लागत होती.

वजन. काट्याला झोळी अडकवून आधी शून्य केलं, बाळ उघडं करून ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. २४८० ग्रॅम. काढून पुन्हा केलं, तेच. म्हणजे ४२० ग्रॅम कमी, जन्मवजनाच्या साडेचौदा टक्के. पहिल्या काही दिवसांत सात टक्क्यांपर्यंत वजन उतरणं चालतं. त्यापुढे गेलं की पाजणं नीट तपासायचं, आणि दहा टक्क्यांच्या पुढे बाळ डॉक्टरांनी पाहिलंच पाहिजे.

लंगोटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रात्री विकतचा डायपर बांधला होता, त्यामुळे लघवी किती वेळा झाली हे कुणालाच सांगता येईना. सकाळपासून कापडी लंगोट होता आणि त्यावर विटकरी-गुलाबी डाग. आजींना ते रक्त वाटलं होतं. शेजारणीने ‘मुलींना होतं असं’ म्हणून समजूत घातली. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आईच्या संप्रेरकांचा अंमल उतरताना काही मुलींना चौथ्या-पाचव्या दिवशी योनीतून थोडं रक्त जातं. पण ते चिकट, शेंबडासारख्या स्रावात मिसळलेलं असतं. हा डाग कोरडा, भुकटीसारखा होता, बोटाने घासला तर विटेच्या पुडीसारखा झडला. ते युरेटचे स्फटिक, म्हणजे लघवी फार घट्ट झाल्याची खूण. पहिल्या दोन दिवसांत असा एखादा डाग दिसला तर फारशी चिंता नसते. चौथ्या दिवशी तो दिसला की बाळाला पाणी कमी पडतंय असंच धरायचं. शीसुद्धा अजून काळपट हिरवी होती. पोटात पुरेसं दूध जात असेल तर चौथ्या दिवसापर्यंत ती पिवळी व्हायला लागते.

मग पाजायला सांगितलं. बाळ पूर्ण उघडं करून, पाठ चोळून जागं केलं. आईची छाती दगडासारखी टणक, कातडी ताणून चकचकीत झालेली. दूध त्याच पहाटे उतरलं होतं आणि आतच अडकलं होतं. बोंडाभोवतीचा काळा भाग इतका ताणलेला की बाळाच्या तोंडात मावतच नव्हता. बाळाने बोंडाचं टोक तेवढं ओठांत धरलं, तीन-चार वेळा चोखलं आणि डोळे मिटले. घोट गिळल्याचा आवाज एकदाही आला नाही. आईने पदर दातांत धरला होता. दोन्ही बोंडांना चिरा पडलेल्या. तिला विचारलं तर म्हणाली, दुखतं म्हणून आणि ती झोपलेलीच असते म्हणून दिवसातून पाच-सहा वेळाच घेते. मधल्या वेळात आजींनी कापसाच्या बोळ्याने दोनदा खडीसाखरेचं पाणी चाटवलं होतं.

दूध नाही अशी ही केस नव्हती. दूध भरपूर होतं, ते बाळापर्यंत पोचत नव्हतं. ३७ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण दिवसांची, पण त्यांतली बरीच झोपाळू असतात आणि चोखण्यात लवकर दमतात. कमी प्यालं की ताकद कमी, ताकद कमी की झोप जास्त, झोप जास्त की आणखी कमी पिणं. त्यात खोलीची भट्टी. चार दिवसांत हे चक्र पूर्ण फिरतं.

निर्णय

नवजात बाळाला काखेत ९९.५ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर गंभीर जंतुसंसर्ग धरून चालायचं आणि पाठवायचं, हा नियम मी कुठल्याही कारणासाठी वाकवत नाही. ताप खोलीमुळे असेल, पाणी आटल्यामुळे असेल, रक्तातल्या जंतूंमुळे असेल. या तिन्ही बाळांचं तोंड घरात बसून सारखंच दिसतं. सुस्ती आणि न पिणं ही लक्षणं तिघांतही असतात. म्हणून आधी रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन केला. गाडी येईपर्यंतचा वेळ बाकीच्या कामांसाठी.

बाळाला एका पातळ सुती कापडात ठेवून खालच्या मजल्यावरच्या खोलीत आणलं. तिथला कूलर सुरू केला, झोत दुसरीकडे वळवून. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या नाहीत. नवजात बाळ त्याने झपाट्याने थंड पडू शकतं. शेजारून कुणी तापाचे थेंब आणून दिले, ते परत केले. ताप उतरलेला दिसला की घरचे ‘आता बरं आहे’ म्हणून थांबतात, आणि जंतुसंसर्ग असेल तर तेवढे तास हातचे जातात.

दरम्यान आईला बसवून हाताने दूध काढलं. आधी बोंडाभोवती बोटांची टोकं ठेवून मागे छातीकडे हलका दाब, मिनिटभर, म्हणजे काळा भाग मऊ पडतो. मग अंगठा आणि बोटं त्या भागाच्या कडेला ठेवून मागे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोंड पिळायचं नाही. सुरुवातीला थेंब, मग बारीक धार. आजींनी जपून ठेवलेलं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं भांडं, काढून दिलं. मी वाटी-चमचा उकळून घ्यायला सांगितलं, कारण बोंडल्याची चोच आतून स्वच्छ करणं अवघड, आणि झोपाळलेल्या बाळाच्या तोंडात त्यातून दूध ओतलं जातं. चमचा खालच्या ओठाला टेकवला, बाळाने जीभ बाहेर काढून चाटलं, तेव्हाच पुढचा चमचा दिला. चाटत-गिळत नसतं तर थेंबही दिला नसता. साधारण २५ मिली गेलं. गाडी आली तेव्हा ताप १००.१ होता.

‘उतरला ना जी ताप, मग कायले न्यायचं?’ आजींनी विचारलं. मी काट्यावरचा आकडा आणि कार्डावरचा आकडा त्यांना शेजारी शेजारी दाखवला. चार दिवसांत नातीचं वजन चारशे ग्रॅमहून जास्त उतरलं, हे त्यांना माझ्या कुठल्याही समजावणीपेक्षा लवकर कळलं. त्या स्वतः गाडीत बसल्या. आई सोबत गेलीच पाहिजे हा माझा आग्रह असतो. आई घरी आणि बाळ दवाखान्यात, म्हणजे दूध आटवण्याची सोय.

पाठवणीच्या चिठ्ठीवर वेळांसकट सगळं लिहिलं : जन्मवजन, आजचं वजन, घट टक्क्यांत, ताप दोन वेळचा, लघवी-शी, दिलेलं दूध, खोलीची स्थिती. खोलीचा उल्लेख डॉक्टरांना उपयोगी पडतो आणि तो चिठ्ठीत जवळजवळ कधीच नसतो.

रुग्णालयात

शासकीय रुग्णालयाच्या नवजात विशेष दक्षता कक्षात रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे अंगातलं पाणी आटलं की रक्तात चढणारा मिठाचा अंश, १५८. साधारण १३५ ते १४५ असायला हवं. साखर ठीक, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं प्रमाण, १४.६, या वयाच्या बाळाला प्रकाशोपचार लागेल त्याच्या खाली. रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला रक्तकल्चर पाठवून प्रतिजैविकं सुरू केली, ४८ तासांनी कल्चरमध्ये काही वाढलं नाही तेव्हा थांबवली.

सोडियम वाढलेलं बाळ फसवं असतं. पेशींतलं पाणी रक्तवाहिन्यांकडे ओढलं जातं, त्यामुळे नाडी बरी लागते, टाळू खोल जात नाही, बाळ वाळलेलं दिसत नाही. आतून मात्र मेंदूच्या पेशी आकसत असतात. आकडी येणं, मेंदूत रक्तस्राव होणं हे त्याचं पुढचं टोक. उपचारातही घाई चालत नाही. सोडियम झपाट्याने उतरवलं तर तोच मेंदू सुजतो. साधारणपणे २४ तासांत दहा-बारापेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. इथे ते दुसऱ्या दिवशी १५० आणि तिसऱ्या दिवशी १४५ झालं, बहुतेक आईच्याच काढलेल्या दुधावर, मोजून, दर दोन तासांनी. साखरेचं पाणी किंवा साधं पाणी पाजून घरच्या घरी हे बरं करायला जाणं म्हणूनच धोक्याचं आहे.

सातव्या दिवशी सुटी, वजन २७०० ग्रॅम. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि येण्याजाण्याची गाडी शासकीय रुग्णालयात मोफत असते. हे २०११ पासून आहे, आणि तरीही गाडीत बसताना बाळाच्या आजोबांनी आधी पैशांचंच विचारलं.

‘ऊब द्या’ हे कुणाला, कधी

या प्रकरणातला सगळ्यात कठीण भाग मला आजींचा वाटत नाही. आम्हीच वर्षभर सांगत असतो : बाळाला गुंडाळा, टोपी घाला, ऊब द्या. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर टोपीतलंच बाळ असतं. डिसेंबरच्या रात्री नागपूरचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा ते अगदी बरोबर आहे, तिथे टोपीने जीव वाचतो. मे महिन्यात हेच शहर ४५ अंशांवर असतं. २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलंय. नवजात बाळासाठी खोली २५ ते २८ अंशांची असावी असं आम्ही शिकतो. त्या दुपारच्या त्या खोलीत गोधडी घालणं म्हणजे आमचा सल्ला चुकीच्या ऋतूत पाळणं. नवजात बाळाला घाम नीट येत नाही, पांघरूण लाथाडता येत नाही, पाणी मागता येत नाही.

अहमदाबादच्या एका रुग्णालयातला २०१० च्या उष्णतेच्या लाटेतला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ४२ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे दक्षता कक्षात दाखल होणारी नवजात बाळं ४३ टक्क्यांनी वाढली. प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावरून खाली हलवल्यावर ते प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. फक्त मजला बदलून. नागपुरात वरच्या मजल्यावरची खोली बाळंतिणीला देतात, कारण ती शांत असते, पाहुण्यांची वर्दळ नसते. उन्हाळ्यात मी आता गर्भारपणाच्या शेवटच्या भेटीतच विचारते : बाळंतिणीची खोली कुठली?

कूलर लावावा का, याला माझं उत्तर सरळ हो असं आहे. झोत अंगावर नको, बाळाला एक सुती झबलं पुरे, घरात टोपी नको. मानेच्या मागे हात लावायचा. गरम-ओलसर लागलं तर एक कपडा काढायचा, पोट गार लागलं तर एक वाढवायचा. शेगडीचा शेक मे महिन्यात बाळाच्या खोलीत नकोच, धुरासाठीही नको.

आणि पाणी. ‘एवढ्या उन्हात लेकराले पाणीच नाही द्यायचं?’ हा आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला वेगळं पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजावं लागतं : २४ तासांत आठ ते बारा वेळा, झोपलं असेल तर उठवून. पाणी प्यायचं ते आईने. जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढतं असं नाही, पण ४५ अंशांत तीन पेल्यांवर राहणारी बाळंतीण स्वतः कोरडी पडते, तिला चक्कर येते, लघवीला आग होते, टाक्यांच्या जागी त्रास वाढतो. या आईची लघवीही गडद पिवळी होती, आणि तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या भेटी

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या खोलीत पाजणं पाहिलं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या बाजूने जास्त दिसतोय. दोन-तीन वेळा चोखणं, मग एक घोट, आवाज ऐकू येईल असा. बोंडांच्या चिरा भरत आल्या होत्या. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध त्यावर लावून वाळू द्यायचं, एवढंच केलं. डायपर दिवसा बंद. आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक लघवीला पेन्सिलीने एक रेघ ओढत होत्या. आदल्या दिवशीच्या सात रेघा होत्या.

चौदाव्या दिवशी वजन २९३० ग्रॅम, जन्मवजनाच्या वर. कावीळ उतरलेली. एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताई एकट्या गेल्या, वाढ चांगली होती. बेचाळिसाव्या दिवशी आईचे टाके, रक्तदाब, मनाची अवस्था आणि पाळणा लांबवण्याबद्दल बोलणं झालं. बाळाला पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा आणि न्यूमोकोकल लसींचे पहिले डोस मिळाले. सासरच्या आशाताईंना फोन करून पुढची नोंद त्यांच्याकडे दिली.

आमच्या केंद्रात यानंतर गर्भारपणाच्या नोंदीतच ‘बाळंतपणानंतर कुठे राहणार’ हा रकाना हाताने आखून घेतला, आणि माहेरच्या वस्तीतल्या आशाताईंचा नंबर आठव्या महिन्यातच तिथे लिहिला जातो. तो रकाना छापील वहीत यायला हवा.

बाळाचं ऐकणं तपासून झालंय, दोन्ही कान ठीक आहेत. सोडियम इतकं वाढलेल्या बाळाचा विकास काही महिने डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. मान धरणं, नजर फिरवणं, हातापायांचा ताठरपणा यांची तपासणी तिसऱ्या महिन्यात ठरली आहे आणि तारीख आईच्या कार्डावर लिहिली आहे.